लोकरीचा बैल

बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला आणि निंबा सरांच्या तोंडून "नको" असा शब्द बाहेर पडला. तो फार मोठ्याने निघाला नसावा, कारण शेजारच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं नाही. पण रक्त घेणारी मुलगी थबकली. "झालं सुद्धा आबा," ती म्हणाली. "एवढं तर काय टोचलं नाही मी." सर ओशाळले. ते तिला नको म्हणाले नव्हते. कुणाला म्हणाले हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिने काचेच्या पट्टीवर थेंब पुसून घेतला, कापसाचा बोळा त्यांच्या हातात दिला, दाबून धरा म्हणाली आणि पुढच्याचं नाव पुकारलं. जळगावच्या त्या अरुंद जिन्यावरून उतरताना सर बोळा दाबून धरून होते. खाली रस्त्यावर केळीच्या गाड्या, रिक्षा, पोळ्यासाठी मातीचे बैल घेऊन बसलेल्या बाया; पांढरे, लाल शिंगांचे, सगळे एकाच साच्यातले. एक बाई म्हणाली, "जोडी घ्या बाबा, नातवाले." सरांनी मान हलवली, आणि मग मान हो अशी हलली की नाही अशी, हे न कळून ती बाई जोडी कागदात बांधू लागली तेव्हा त्यांना घाईघाईने पुढे सरकावं लागलं. आयुष्यभर त्यांचं असंच झालेलं. मनात एक असायचं, मान दुसरंच सांगायची, आणि समोरच्याने त्यातून तिसरंच घेतलेलं असायचं.

घरी कुंदाबाई ओट्यावर चवळी निवडत होत्या. नवऱ्याशी त्या लग्नापासून अहिराणीतच बोलत आल्या, आणि सर शाळेतल्या मराठीत उत्तर देत आले; दोघांनाही आता त्यात वेगळं काही वाटत नसे. "रक्त दी उनात का?" त्यांनी विचारलं. सर हो म्हणाले. "मंग तोंड कसाले उतरी गयं? बाटलीभर काढं का काय त्या पोरनी?" सरांनी थेंबभर म्हणून बोट दाखवलं. त्या हसल्या. "पोरे तीन वाजता येतीन. तुम्ही आते नही म्हनू नका. मी बठ्ठास्ना घरे सांगेल शे." सर नाही म्हणणारच होते. कॉलनीतल्या महिला मंडळाने पोळ्यानिमित्त मुलांना काही शिकवा म्हटलं होतं, आणि कुंदाबाईंनीच कौतुकाने सांगून टाकलं होतं की आमचे सर लोकरीचे बैल करतात, नुसत्या सुईने, दोरा नाही, टाका नाही. एकदा धुळ्याच्या प्रदर्शनात नंबर आलेला. ते खरं होतं. खरं असलं तरी ते कुणी मोठ्याने सांगितलं की सरांना कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटत. त्यांनी ट्रंकेतून सुयांचा डबा काढला. गोधडीच्या जाड सुया. प्रत्येकीच्या टोकाजवळ बारीक कानशीने पाडलेल्या तिरक्या खाचा, मागे बाभळीच्या काडीची मूठ. चौदा वर्षांत एकाही सुईला गंज चढला नव्हता. दरवर्षी ते त्यांना तेल लावत. का लावत, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि उत्तर यायच्या आत झाकण लावून टाकलं असेल.

तीन वाजता आठ-दहा मुलं आली. शिरसोलीच्या धनगराकडून आणलेली लोकर कुंदाबाईंनी धुऊन, पिंजून ठेवली होती. तरी खोलीभर मेंढरांचा वास होता आणि मुलं नाकं धरून हसत होती. सरांनी पोत्याच्या घड्यांवर लोकरीचे गोळे ठेवले आणि दाखवलं. सुई सरळ आत, सरळ बाहेर. खाचेत लोकरीचा तंतू अडकतो, आत ओढला जातो, दुसऱ्यात गुंततो. असं शंभर वेळा, हजार वेळा. आधी भुसभुशीत असलेलं हळूहळू घट्ट होत जातं; मग वशिंड वर येतं, मान बारीक होते. टोचू तितकं ते घट्ट होतं. हे वाक्य बोलल्यावर सर थांबले. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशा वाक्यात दुसरा अर्थ दिसतोच, तो त्यांना दिसला आणि त्याची त्यांना लाज वाटली. एवढ्या सोयीने अर्थ लावता येतो तेव्हा आपण काहीतरी चुकवत असतो, असं त्यांना वाटलं. "दुसरा हात लांब," ते म्हणाले. "सुईजवळ कुणाचाही हात येता कामा नये." खस्, खस्, खस्. दहा सुयांचा आवाज खोलीत भरला. सुपात ज्वारी हलकेच घोळवावी तसा आवाज. तोच. चौदा वर्षांनीसुद्धा तोच, आणि त्याबरोबर शेणाने सारवलेल्या वर्गाचा ओलसर वास, पत्र्यावर टपटपणारी शेवटची पावसाची झड, आणि बाहेर गावात हलग्या.

ते गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून कोसभर आत. सर तिथल्या शाळेत पाच वर्षं होते. हस्तकलेच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हे सुईचं काम पाहिलं होतं. तिकडचे लोक नाताळला असले पक्षी आणि तारे करून झाडाला टांगतात. सरांच्या मनात आलं, आपण बैल करू. पोळ्याच्या आधी वर्गात तोरण लावू, बैलांचं. आपल्या आयुष्यात सुचलेली ही एकमेव नवी गोष्ट, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटे. मुलांनी महिनाभर सुया चालवल्या. बहुतेकांचे बैल शेळीसारखे झाले, काहींचे बटाट्यासारखे. एकटीचा बैल बैल झाला. भिकूचा. अकरा वर्षांची, मालकाच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या जीवराम सालदाराची मुलगी. तिने त्याची एक शिंगडी किंचित खाली वाकवली होती. सरांनी ती सरळ कर म्हटल्यावर म्हणाली होती, "तो आसाच शे." कुठला तो, हे सरांनी विचारलं नाही. मग जिल्ह्याचं प्रदर्शन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याला भरणार असल्याचं पत्र आलं, आणि भिकूच्या बैलाच्या मागच्या पायांचं काम राहिलेलं. म्हणून सरांनी पोळ्याच्या सकाळी, सुट्टी असताना, पाच-सहा मुलांना दोन तास बोलावून घेतलं. बाकीची बसली. भिकूने सुई हातात घेतली नाही.

"सर, आज नही. आज पोया शे."

"अगं, दोन तासांचं काम आहे."

"आज बैलले टोचतस नही."

बाकीची मुलं थांबली. त्या गावात पोळ्याला बैलाच्या अंगाला पराणी, टोकाला खिळा बसवलेली ती काठी, लावत नसत. वर्षभर आर टोचून चालवलेल्या जनावराला त्या दिवशी कोणी काठीसुद्धा दाखवत नसे. सरांना हे माहीत होतं, पुस्तकातही असेल. पण लोकरीला? ते हसून म्हणाले, "ही लोकर आहे भिकू. मेंढीची. हिला काय कळतं?" तिने मान वर न करता म्हटलं, "तुम्हीच सांगं व्हतं, बैल करा म्हनीसन." मागून कोणीतरी फिसकन हसलं. आणि एका सुईमागून दुसरी, सगळ्या सुया खाली ठेवल्या गेल्या. कधीही आवाज न चढवणारे, मुलांवर हात न उचलणारे, मुख्याध्यापकांनी "सर, जरा धाक ठेवा" म्हणून चिडवलेले निंबा सर. त्यांच्या आतून त्या क्षणी काय उठलं ते त्यांना अजून नीट सांगता आलं नसतं. राग नव्हता. राग परवडला असता. त्यांना तिला पटवून द्यायचं होतं. त्यांनी तिचा हात धरला, तळवा वर केला आणि सुई टोचली. "हे दुखतं ना? हे दुखतं. ते नाही दुखत. कळलं?" सुईला खाचा होत्या. ती आत गेली तशी सहज बाहेर आली नाही. बाहेर काढायला किंचित ओढावी लागली. ते किंचित ओढणं सरांच्या बोटांत अजून होतं. भिकू रडली नाही. तिने तळव्यावरच्या थेंबाकडे बघितलं, परकराला पुसला, सुई घेतली आणि बैलाचे मागचे पाय पुरे केले. खस्, खस्. ती सबंध वेळ बैलाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती.

"आबा, माझी सुई अडकली," डिंपल म्हणाली. समोरच्या बंगल्यातली, दोन वेण्यांची. सरांनी सुई सोडवून दिली. मग आपलाच तळवा उघडून पाहिला. "तुम्हाला टोचली?" नाही, ते म्हणाले. मग पुढे काय झालं ते त्यांना कळलंच नाही. कुंदाबाई आत चहा टाकायला गेलेल्या, मुलं सुया चालवत होती, आणि सर सांगत होते. एक मुलगी होती, तिने सुट्टीच्या दिवशी काम करायला नाही म्हटलं, म्हणून एका माणसाने तिच्या तळहातात सुई टोचली. त्या माणसाला वाटलं होतं, आपण तिला शिकवतोय. बायकोला चौदा वर्षांत जे सांगितलं नाही ते त्यांनी बटाट्यासारखे बैल करणाऱ्या मुलांना सांगून टाकलं. "तो माणूस म्हणजे तुम्हीच ना?" डिंपलने विचारलं. त्यांनी मान हलवली. या खेपेला ती हो अशीच हलली असावी. "मग तिने तुम्हाला परत टोचलं?"

"नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"मी विचारलं नाही."

"इतकी वर्षं?" असं म्हणून डिंपलने पुन्हा सुई चालवायला घेतली, जशी काही सरांनी गृहपाठ केला नव्हता एवढीच ती गोष्ट होती.

इतकी वर्षं. त्यांना ठाऊक होतं ती कुठे आहे. धनसिंग म्हणून त्यांच्या वेळचा एक शिक्षक होता, तो एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला होता, "तुमची ती भिकू हो, बैलवाली! गावातल्या गावात लोटनला दिली. बरं चाललंय." जळगावहून एसटीने दीड-दोन तास. सर वाढदिवसांना, बारशांना, न ओळखणाऱ्यांच्या तेराव्यांना जाऊन आले होते. तिथे नाही. त्यांच्या मनात पोळ्यानंतरचे ते आठ दिवस होते. प्रदर्शनात बैलाचा नंबर आला, सर धुळ्याहून हार घालून परतले, आणि दुसऱ्या दिवसापासून भिकू वर्गात न बसता शाळेच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. एक हात पुढे, तळवा वर. काही बोलत नसे. सर फळ्याकडे वळत. खडू तुटेपर्यंत लिहीत. तिला दाखवायचं आहे, बघा काय केलंत, हे त्यांना कळत होतं आणि त्यांच्यात बघण्याची ताकद नव्हती. आठ दिवसांनी ती आली नाही. पुढे कपाशीची वेचणी सुरू झाली आणि सरांनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीचं कारण लिहिलं: शेतीकाम. सुबक अक्षरात. ते कारण खोटं नव्हतं. गावातल्या निम्म्या मुलींपुढे तेच लिहिलेलं होतं. खरं तेवढंच लिहून खोटं बोलता येतं, हे सरांना त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर त्यांनी आपल्या कुठल्याच लिहिण्यावर विश्वास ठेवला नाही.

यंदाच्या पोळ्याच्या सकाळी त्यांनी धोतर बदललं, टोपी घातली. "कोठे निंघनात?" कुंदाबाईंनी विचारलं. "पारोळ्याकडे. एका विद्यार्थिनीकडे." "पोयाले कोनी कोठे जास का? पुरन शिजी राहिनं!" सर उंबऱ्यात उभे राहिले. सांगावं की नाही, अर्धंच सांगावं, आल्यावर सांगावं. कुंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जा मंग. पन उपाशी येऊ नका. तठे जेवाले सांगतीन तर बसा, नही नही करू नका." गाडीत त्यांनी वाक्य तयार केलं. एरंडोल येईपर्यंत ते लांबलचक होतं, त्यात परिस्थिती होती, प्रदर्शन होतं, स्वतःचा स्वभाव होता. पारोळ्याला किल्ल्याच्या भिंती दिसल्या तेव्हा त्यातलं बरंच गळून पडलं होतं. फाट्यावर उतरले तेव्हा एवढंच उरलं: भिकू, मी तुझ्या हातात सुई टोचली, मला माफ कर. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी होती आणि तिच्यामधून ते कोसभर चालत गेले, वाक्य तोंडात धरून, पाण्याने भरलेला पेला न्यावा तसे.

घर सापडलं. पुढे शेणसडा, दारावर पळसाच्या डहाळ्या. भिकू उंच झाली होती, कपाळावर मोठं कुंकू, कडेवर मूल. तिने त्यांना एका क्षणात ओळखलं. "निंबा सर! या, बसा. आयका ना, खाट टाका, आमना सर उनात!" आतून बनियन घातलेला लोटन खाट घेऊन आला, पाण्याचा तांब्या आला, मूल खाली सोडलं गेलं. सर पाणी प्यायले नाहीत. पिऊन टाकलं तर वाक्यही खाली जाईल असं त्यांना वाटलं. "भिकू," ते म्हणाले, आणि त्यांनी ते म्हटलं. लोटन तिथेच उभा होता तरी म्हटलं. भिकूने भुवया जवळ आणल्या. तिने आपला उजवा तळवा पाहिला, मग डावा.

"कोनतं टोचेल, सर?" ती म्हणाली. "माले तं याद नही."

सरांनी सांगितलं. पोळ्याची सकाळ, खाचांची सुई, परकराला पुसलेलं रक्त. ती ऐकत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी. "आसं व्हई," ती म्हणाली. "शाळेत मारतातच की सर लोक. तुम्ही एवढ्यासाठी आले का जळगावहून?" लोटन हसला. सरांच्या छातीवरून काहीतरी उतरायला लागलं, उतरतं आहे हे त्यांना कळलं, आणि ते उतरावं असं त्यांना वाटू लागलं होतं तेवढ्यात भिकू मुलाच्या नाकाला पदर लावत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा बैल मातर तुम्ही परत दिधा नही."

सरांना समजलं नाही.

"बठ्ठास्ना घरी बैल होते सर, सगळ्यांच्या. माझा बाप सालदार. बैल मालकाचे, पूजा मालकाच्या दारात. आमच्या दारात काही नाही. तुम्ही वर्गात सांगितलं होतं, पोळ्याला आपापला बैल घरी न्या, पूजा करा. मी मायला सांगून ठेवलं होतं. मायने पाट मांडला होता. माझा बाप ज्याला हाकायचा ना, वाकड्या शिंगाचा, तोच केला होता मी. मग तुम्ही त्याला धुळ्याला नेलं. म्हटलं, आणतील. आठ दिवस दाराशी उभी राहिले. हात पुढे करायचे, द्या म्हणून. तोंडाने मागायची लाज वाटे. तुम्ही फळ्यावर लिहीत राहायचे."

वर्गात तसं सांगितलं होतं का? सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, हसत, लोकर वाटताना. ते शब्द त्यांच्या तोंडून गेले होते आणि त्यांच्यासाठी तिथेच संपले होते. बैल धुळ्याहून नाशिकला गेला, तिथे त्याला नंबर मिळाला नाही, मग कोणत्या कचेरीच्या कोणत्या कपाटात राहिला ते सरांनी कधी चौकशीही केली नाही. चौदा वर्षं ते एका टाचणीएवढ्या जखमेची राखण करत बसले होते. तिला तेल लावत होते. आणि जखम तिथे नव्हतीच. पुढे केलेला तो हात. त्याच्याकडे एकदा, एकदाच बघितलं असतं तर त्यांना तळव्यावर काही दिसलं नसतं, आणि मग त्यांनी विचारलं असतं, काय हवं? तयार करून आणलेलं वाक्य आता कशालाच लागू पडत नव्हतं. त्यांनी दुसरं शोधलं. "भिकू, तो बैल," ते म्हणाले, "आता नाही. कुठे आहे ते मला माहीत नाही." याला माफी म्हणतात की नाही ते त्यांना कळेना.

"जाऊ द्या सर," भिकू म्हणाली. ती कडवट नव्हती. पण 'काही हरकत नाही' असंही ती म्हणाली नाही. "आते घरना बैल शेतस."

घरचे बैल तेवढ्यात वेशीवरून परत आले. लोटनचा भाऊ जोडी घेऊन दारात उभा राहिला. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. भिकूने ताट आणलं, तांब्या भरला, आणि सरांपुढे धरला. "तुम्ही धुवा सर पाय. घरात मोठं माणूस नही." सर मागे सरकले. साठी उलटलेल्या या माणसाने डझनावारी बैल केले होते, मुलांकडून शेकडो करून घेतले होते, आणि खऱ्या बैलाला कधी हात लावला नव्हता. लोटनला ते कळलं. "भिऊ नका सर," तो म्हणाला, "तो मारत नही. शाळामां शिकेल नही ना!" भिकूने त्याला डोळे वटारले आणि तिलाही हसू आलं.

सर वाकले. खुरांवर पाणी ओतलं, एका, मग दुसऱ्या. चिखल सुटून पाण्याबरोबर वाहत गेला. उठताना तोल जायला लागला म्हणून त्यांनी बैलाच्या खांद्यावर हात टेकला. ऊन लागलेलं, दाट, जिवंत अंग. आणि त्यांच्या तळव्याखाली, नुसता हात टेकल्याने, ती कातडी झर्रकन थरथरली. वशिंडापासून पोटापर्यंत एक लहर गेली. सरांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

"काही नाही सर," भिकू म्हणाली. "ठेवा हात."

त्यांनी हात ठेवला. कातडी पुन्हा हलली. त्यांनी हात उचलला नाही.